तिला नोकरी आहे म्हणे, पण ती कामावर जाते कधी? (रोमान्स, फँटसी, रहस्य: सध्या काय वाचताय?)

खिडकीवाली_सीट

खूप दिवसांनी धागा काढतेय, शुद्धलेखनाला हसू नका, अर्धं लोकलमध्ये टाईप केलंय.

बदली झाल्यापासून जाऊन येऊन तीन तास गाडीत जातात. आधी रील्स बघायचे, मग डोळे चुरचुरायला लागले, मग ग्रुपमधल्या एकीने तिच्या किंडलवरची यादीच दिली. सगळं इंग्रजी आणि सगळं टाईमपास, म्हणजे प्रेमकथा, ड्रॅगन आणि खून. म्हटलं चला. दीड वर्षात बरीच झाली वाचून, काही अर्ध्यात सोडली, आणि मध्येच एक गोष्ट लक्षात आली ती सांगायला हा धागा.

या तिन्ही प्रकारांत शेवट काय होणार ते आपल्याला तिकीट काढतानाच माहीत असतं. दोघं एकत्र येणार, जग वाचणार, खुनी सापडणार. मग मला काही पुस्तकं का आवडली आणि काही बंद का करावीशी वाटली? तर मला त्यातली माणसं कामावर जाताना बघायला आवडतात. खरंच. नायिका आर्किटेक्ट आहे म्हणे आणि चारशे पानांत एकदा साईटवर जात नाही, कोण देतं हिला पगार? नायक अब्जाधीश आणि दुपारी तीन वाजता हिच्या दारात फुलं घेऊन उभा. आम्हाला मार्चएंडला घरून फोन आला तरी साहेब घड्याळाकडे बघतात.

एमिली हेन्रीचं 'बुक लव्हर्स' (2022) मला म्हणून आवडलं. नोरा लिटररी एजंट आहे, चार्ली संपादक. गावाकडे सुट्टीला गेलेल्या शहरी बाईची गोष्ट आपण शंभरदा वाचलीय, इथे गंमत अशी की नोरा म्हणजे त्या गोष्टींमध्ये जिला सोडून हिरो गावातल्या मुलीकडे जातो ना, ती. आणि दोघांचं जुळतं कशावर, तर एका हस्तलिखितावर एकत्र काम करताना. समासात शेरे लिहिण्यात जेवढं प्रेम आहे तेवढं कुठल्या पावसातल्या सीनमध्ये नाही. तिचंच 'फनी स्टोरी' (2024) पण छान आहे. होणारा नवरा बालमैत्रिणीसाठी सोडून जातो आणि ही त्या मैत्रिणीच्या एक्सबरोबर घर शेअर करते, ऐकायला चॅनलवरची मालिका वाटते, पण डॅफ्नी मुलांच्या विभागाची लायब्ररीयन आहे आणि ती खरोखर लायब्ररीत असते, मुलांसाठी वाचनाचा कार्यक्रम उभा करायची तिची धडपड वाचताना मलाच टेन्शन आलं. तिचं 2025 चं 'ग्रेट बिग ब्युटिफुल लाईफ' मात्र मला लांबलं. दोन पत्रकार एका म्हातारीचं चरित्र लिहायला एकमेकांसमोर उभे, कल्पना झकास आहे, पण म्हातारीची गोष्ट एवढी भारी की हे दोघं मध्ये आले की मी पानं उलटायचे.

'फोर्थ विंग' (2023) बद्दल मला मारा. व्हायलेटला लेखनिक व्हायचं असतं, आई जनरल आहे ती हिला ड्रॅगनस्वारांच्या कॉलेजात टाकते, हाडं नाजूक, सांधे निखळतात. सुरुवातीला ही पोरगी काय करते तर कुस्तीच्या आधी समोरच्याला थोडंसं विष चारते, म्हणजे तो जरा ढिला पडेल. हे वाचून मी गाडीत हसले. वा, डोकं आहे! आणि मग हिरो येतो, झेडन. झेडनचे डोळे, झेडनचे खांदे, झेडनची ती सावली, आणि डोकं गेलं बहुतेक विंगबाहेर. टेर्न नावाचा म्हातारा ड्रॅगन आहे तो मात्र आमच्या हेडकॅशियरसारखा, सगळ्यांवर खेकसतो आणि सगळं काम तोच करतो. दुसरा भाग निम्मा वाचला. तिसरा, 'ऑनिक्स स्टॉर्म', 2025 च्या जानेवारीत आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात 27 लाखांवर प्रती खपल्या, त्यामुळे माझ्या मताला कोण विचारतंय.

आणि आता जिच्यासाठी एवढं लिहिलं ती. सुजाता मॅसीचं 'द विडोज ऑफ मलबार हिल'. 2018 चं आहे, अगदी ताजं नाही, पण मी आत्ता वाचलं. 1921 ची मुंबई, परवीन मिस्त्री पारशी वकील, वडिलांच्या फर्ममध्ये. मलबार हिलच्या बंगल्यात एका गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात, आणि तिघी म्हणे आपला सगळा हक्क धर्मादाय करायला तयार आहेत, तसं पत्र आलंय. परवीन ते पत्र बघते आणि तिघींपैकी एकीची सही म्हणजे नुसती फुली.

मी बँकेत कर्जाच्या कागदपत्रांवर आहे. दिवसभर सह्या जुळवते, एका बाजूला नमुना सही, दुसऱ्या बाजूला फॉर्मवरची, 'श्री'ची शेपटी कुठे वळते ते बघायचं. ती फुली वाचल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. जिला वाचता येत नाही तिने हे कशावर फुली मारली ते तिला कुणी वाचून दाखवलं? बाकी कुणाला ते रहस्य वाटेल, मला ते सोमवारचं काम वाटलं. मग कुणी पुरुष वकील आत जाऊ शकत नाही म्हणून हीच जाते, आणि गोष्ट सुरू होते. मधूनमधून तिच्या कलकत्त्याच्या सासरची जुनी गोष्ट येते, तिथे पाळीच्या दिवसांत तिला वेगळ्या खोलीत कोंडतात. आमच्या आजीकडे बाहेर बसायचे तेव्हा निदान अंगण तरी होतं, ही तर खोलीच. खुनापेक्षा ती खोली जास्त लक्षात राहिली.

तर तुम्ही काय वाचताय, आणि तुमच्या पुस्तकातली माणसं कामावर जातात का?

निशाचर

अहो ताई, मी दहा तास ऑफिसात एक्सेल बघून आल्यावर पुस्तकात परत कुणाचं ऑफिस कशाला बघू? झेडनचे खांदेच बघणार. अब्जाधीश दुपारी तीनला फुलं घेऊन येतो हाच तर पॉइंट आहे, खऱ्या आयुष्यात तीनला फक्त कुरिअरवाला येतो.

बाकी 'फोर्थ विंग'ला बोललात म्हणून निषेध. तो दगडी कठड्यावरून पावसात चालत जायचा सीन वाचून बघा परत, पाय घसरला की संपलं, आणि ते तर कॉलेजचं ॲडमिशन आहे फक्त. आमच्या इंजिनिअरिंगचे कॅप राऊंड आठवले.

खिडकीवाली_सीट

@निशाचर कॅप राऊंड :D मान्य, पहिली शंभर पानं सोडवत नाहीत. पुढचं तुला लखलाभ.

सुताराचा_नातू

काम बघायचं असेल तर ट्रॅव्हिस बॉल्ड्रीचं 'लिजेंड्स अँड लाटेज' (2022) घ्या डोळे मिटून. व्हिव नावाची ऑर्क (फँटसीतली धिप्पाड, लढाऊ जमात) बाई, बावीस-पंचवीस वर्षं मारामाऱ्या करून कंटाळते आणि तलवार भिंतीला टांगून कॉफीचं दुकान काढते. ज्या गावात काढते तिथे कॉफी काय असते कुणाला माहीतच नाही. राक्षस नाही, युद्ध नाही. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक येत नाही हेच संकट.

माझे आजोबा सुतार होते, त्यामुळे मला त्यातला कॅल भयंकर आवडला. जुना घोड्यांचा तबेला घेऊन त्याचं दुकान करायचं असतं, आणि कॅल येतो, काही बोलत नाही, 'हम्म' करतो, वासे बघतो. आजोबा असेच. घरमालक बडबडत असायचा आणि हे लाकडावर बोटाची पेरं वाजवून बघायचे, आवाज भरीव आला तर मान हलवायची, पोकळ आला तर पान खायला बाहेर. पैशाचं सगळ्यात शेवटी. पुस्तकात किमान तीस पानं तरी नुसतं बाकं, कपाटं, काउंटर चाललंय आणि मला अजून तीस चालली असती. मग थिंबल नावाचा उंदरासारखा बेकर येतो आणि दालचिनीचे रोल करतो. तेव्हा पुस्तक ठेवून मला खारी आणायला जावं लागलं.

व्हिव आणि टँड्री यांचं पण आहे हळूहळू, दोन बायकांची प्रेमकथा, पण एवढी सावकाश की दोघी आधी हिशोबाची वही नीट करतात.

कडक_मिसळ

@सुताराचा_नातू वाचलंय. मला झोप आली. तर्री नसलेली मिसळ. काहीतरी जळू दे, कुणीतरी मरू दे.

सुताराचा_नातू

@कडक_मिसळ जळतं की. शेवटपर्यंत वाचलं नाहीत वाटतं :)

नाशिकची_द्राक्षं

परवीन मिस्त्रीचं नाव बघून राहवलं नाही. ते पात्र ज्यांच्यावरून सुचलं त्या कॉर्नेलिया सोराबजी आमच्या नाशिकच्या, जन्म 1866. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर, पुण्याला डेक्कन कॉलेजात शिकल्या. 1892 मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली पण बायकांना पदवीच देत नव्हते, ती मिळाली तीस वर्षांनी. आणि पडद्यातल्या बायकांच्या इस्टेटीची कामं त्यांनी वर्षानुवर्षं खरोखर केली. आमच्या शाळेत त्यांच्याबद्दल एक अक्षर कुणी सांगितलं नाही, मला हे एका खुनाच्या कादंबरीमुळे शोधावं लागलं.

वकिलीणबाई

व्यवसायाने वकील, म्हणून दोन शब्द. 1921 मध्ये परवीन कोर्टात उभी राहून युक्तिवाद करत नाही ते बरोबर दाखवलंय, बायकांना वकिलीची दारं कायद्याने उघडली ती 1923 मध्ये. त्यामुळे ती करते काय, तर करारपत्रं, मृत्युपत्रं, भाडेकरूंची भांडणं. म्हणजे आम्ही नव्वद टक्के वेळ जे करतो तेच. पडद्यावरची वकील मंडळी टेबलावर हात आपटतात, आम्ही स्टॅम्पपेपरवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का ते बघत बसतो.

पुढचा भाग 'द सातापूर मूनस्टोन' सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात आहे, पावसाळ्यात, पालखीतून जाते ही. वातावरण सुरेख पण मला मुंबईवाले भाग जास्त आवडले. तिसरा, 'द बॉम्बे प्रिन्स', 1921 च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत आला आणि दंगली झाल्या त्यावर आहे. क्रमानेच वाचा.

जुन्या मुंबईतच हवं असेल तर नेव्ह मार्चचं 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे' (2020). राजाबाई टॉवरवरून दोन पारशी तरुणी पडून गेल्या ती 1891 ची खरी घटना, तिच्यावरून सुचलेलं. रोज हायकोर्टात जाताना तो टॉवर बघते मी, आता मान वर जातेच. कादंबरी मात्र मुंबई सोडून जी भटकायला निघते ती परत येता येत नाही, मधली शंभर पानं सहज कापता आली असती.

जुनी_पानं

तुम्ही सगळे इंग्रजीच वाचता का हो? आमच्या वेळी चौकातल्या लायब्ररीतून बाबूराव अर्नाळकरांचं एक पुस्तक सकाळी आणायचं आणि संध्याकाळी बदलायचं, एका दिवसात दोन नेली तर लायब्ररीवाला ओरडायचा. झुंझार आणि काळापहाड! पुढे सुहास शिरवळकरांचे बॅरिस्टर अमर विश्वास. आता लायब्ररीच्या जागी मोबाईलचं दुकान आहे.

खिडकीवाली_सीट

@जुनी_पानं काका, ती मी बाबांच्या ट्रंकेतून काढून वाचलीयत, कव्हर नाही आणि शेवटची दोन पानं नाहीत, खुनी कोण ते बाबांना फोन करून विचारायचं. बाबा पण विसरलेले. पण काका मराठीत आत्ता, गेल्या पाचेक वर्षांतलं रहस्य सुचवा ना, खरंच हवंय. तुम्ही सांगाल ते घेते.

वॉर्ड_नंबर_सात

इथे कुणी 'थर्सडे मर्डर क्लब' कसं नाही काढलं? रिचर्ड ऑस्मनचं. पहिलं 2020 चं, 2025 ला पाचवं आलं. चार म्हातारे वृद्धांच्या वसाहतीत राहून जुने खून सोडवतात. ताई तुमच्या मुद्द्यावर तर हे एकदम फिट, कारण चौघं रिटायर झालेत पण काम सुटलेलं नाही. एलिझाबेथ गुप्तहेर होती, रॉन युनियन लीडर, इब्राहिम मानसोपचारतज्ज्ञ आणि जॉयस नर्स.

मी पण नर्स, छत्तीस वर्षं झाली. पहिल्याच पानांत जॉयस जेवत असते आणि एलिझाबेथ येऊन विचारते, जेवताना चालणार असेल तर चाकूच्या जखमेबद्दल एक विचारायचं होतं. आमच्या ड्युटीरूममध्ये हे रोज चालतं हो! डबा उघडा आणि एकीकडे ड्रेसिंगच्या गप्पा, नवीन मुली बिचाऱ्या उठून जातात. जॉयस पुढे डायरीत केक आणि मुलीचा फोन आणि मुडदा हे सगळं एकाच सुरात लिहिते, ते ज्याने लिहिलंय त्याने कुणातरी नर्सला नीट ऐकलंय.

चौथं 'द लास्ट डेव्हिल टू डाय' जपून वाचा. एलिझाबेथच्या नवऱ्याला डिमेन्शिया आहे, त्याचं येतं त्यात. खून कुणी केला ते मी विसरले, ते नाही विसरले.

निशाचर

सिनेमा बघितला नेटफ्लिक्सवर, हेलन मिरेन आहे. पुस्तक बरं. सिनेमात केक छान दिसतो.

प्लॅनवाला

जपानी कुणी वाचतंय का? उकेत्सू म्हणून लेखक आहे, मास्क घालून यूट्यूबवर येतो, खरा कोण कुणाला माहीत नाही. 'स्ट्रेंज हाऊसेस' इंग्रजीत 2025 ला आलं. ओळखीच्या माणसाला टोकियोत घर घ्यायचंय, प्लॅनमध्ये भिंतींच्या मध्ये एक बंद रिकामी जागा सापडते, दार नाही खिडकी नाही. मुलाच्या खोलीला पण खिडकी नाही. पुस्तकात प्लॅन छापलेत, त्यावरून सगळा तर्क.

मी ड्राफ्ट्समन आहे, पेन्सिल घेऊन बसलो. पहिली साठ पानं काय मजा आली, मोजमाप घेतल्यासारखं वाचलं. नंतर खानदान, शाप, अमकं तमकं सुरू होतं आणि सगळं पचत नाही. पण सांगायचा मुद्दा हा की ही गोष्ट मुंबईत घडूच शकत नाही. ती रिकामी जागा बिल्डरने कार्पेट एरियात धरून विकली असती आणि वर तिला स्टडीरूम म्हटलं असतं.

वकिलीणबाई

@प्लॅनवाला आणि मग केस माझ्याकडे आली असती.

तर्खडकरांची_मांजर

मी भाषांतरं करून पोट भरते (औषधांच्या डबीतला तो घडी घातलेला कागद, सूचना, असलं सगळं), तर माझं मत आर. एफ. क्वांगच्या 'बेबल'ला (2022). 1830च्या दशकातलं ऑक्सफर्ड, आणि ब्रिटिश साम्राज्य चालतं चांदीच्या कांड्यांवर. कांडीच्या एका बाजूला एका भाषेतला शब्द कोरायचा, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या भाषेतला, आणि भाषांतरात जे निसटतं ते चांदी खरं करून दाखवते. उदाहरणार्थ इंग्रजी ट्रीकल म्हणजे काकवीसारखा पाक, पण तो शब्द आला जुन्या फ्रेंच शब्दावरून ज्याचा अर्थ विषावरचा उतारा. ते दोन एका कांडीवर कोरले की उतारा तयार. मला हे वाचून रात्री झोप नाही, आमच्या धंद्यात निसटतं त्याचे कुणी पैसे देत नाही आणि इथे त्यावर जहाजं चालतात!

कँटनचा रॉबिन, कलकत्त्याचा रामी, ही पोरं तिथे आणली जातात कारण त्यांची भाषा हवी असते, ती नको असतात. तळटीपा खूप आहेत, अर्ध्यानंतर लेखिका आपला हात धरून सारखं सांगते की साम्राज्य वाईट, कळलं का, वाईट. कळलं बाई. तरी वाचाच.

तेव्हापासून मी मराठी कांड्या करत बसते. माझी पहिली: 'उष्टं'. इंग्रजीत काय लिहाल? लेफ्टओव्हर म्हटलं तर ते नुसतं उरलेलं. आईने लेकराचं खाल्लेलं उष्टं वेगळं, नवऱ्याच्या ताटातलं वेगळं, कुणी मुद्दाम दिलेलं तर भलतंच.

सुताराचा_नातू

'रंधा मारणे' घ्या. लाकडाला पण आणि पोराला पण.

नाशिकची_द्राक्षं

'माहेर'. कांडी फुटेल.

कडक_मिसळ

'चालतंय की'. याच्यावर अख्खं साम्राज्य थांबेल.

खिडकीवाली_सीट

@तर्खडकरांची_मांजर उद्यापासून बेबल, नक्की.

मी पण एक राहिलेलं सांगते, फँटसी आणि रहस्य दोन्ही एकात: रॉबर्ट जॅक्सन बेनेट, 'द टेंटेड कप' (2024, पुढच्या वर्षी ह्यूगो मिळालं). दरवर्षी पावसाळ्यात समुद्रातून अजस्र प्राणी येतात, त्यांना अडवायला भिंती आहेत, आणि त्या भिंतींवरचे इंजिनिअर मरायला लागतात, अंगातून झाड फुटून. ॲना नावाची तपासबाई डोळ्याला पट्टी बांधून घरात बसते, तिचा मदतनीस डिन जागेवर जातो, त्याला बघितलेलं सगळं जसंच्या तसं आठवतं, वेगवेगळे वास हुंगून तो ते आठवतो आणि येऊन तिला सांगतो. खुनापेक्षा मला ती पावसाळ्याआधी भिंतीची डागडुजी उरकायची घाई जास्त ओळखीची वाटली, आमच्या स्टेशनजवळच्या नाल्याची आठवण झाली.

वकिलीणबाई

@खिडकीवाली_सीट त्या फुलीवरून विचारायचं राहिलं, तुमच्याकडे अजून अंगठेवाले येतात का?

खिडकीवाली_सीट

येतात, कमी झाले. मागच्या महिन्यातलं सांगते. एक आजी, कायम अंगठा, साक्षीदार म्हणून शेजारचा मुलगा आणायच्या. त्या दिवशी एकट्याच आल्या आणि स्लिपवर पेनाने नाव लिहिलेलं. नातीने शिकवलं म्हणे. रेकॉर्डला अंगठा आणि स्लिपवर सही, म्हणजे जुळत नाही, पैसे देता येईनात. मला इतकं वाईट वाटलं पण नियम तो नियम, मग नवीन नमुना सहीचा फॉर्म काढला. म्हणाल्या किती वेळा लिहायचं, म्हटलं आजी तीनदा. एकेका सहीला दोन-तीन मिनिटं. दुसऱ्या सहीत वेलांटी राहिली तर खोडू देईनात मला, नवा फॉर्म दे म्हणाल्या. मागे लाईन खवळली होती.